प्रिंट ऑन डिमांडने पुस्तक काढावे, की ५०० प्रती एकदम छापून घ्याव्यात?

नक्षत्रवेध :

हौशी आकाशनिरीक्षकांसाठी लिहिलेले माझे पुस्तक आता पूर्ण होत आले आहे. पाने साधारण २६० होतील. त्यात तारकासमूहांचे नकाशे, ग्रहस्थितीची वर्षनिहाय कोष्टके आणि काही रेखाचित्रे आहेत. ज्या प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवले, त्यांपैकी एकांनी या विषयाचा वाचक मोजकाच असल्याचे कळवून ते साभार परत केले. दुसऱ्यांना पुस्तक आवडले. मात्र पहिल्या ५०० प्रतींचा खर्च लेखकाने करावा आणि त्यांतल्या निम्म्या प्रती स्वतःकडे ठेवून घ्याव्यात, अशी त्यांची अट आहे.

या अटीमुळे मी प्रिंट ऑन डिमांडचा विचार करू लागलो आहे. वाचकाने मागणी नोंदवल्यावरच प्रत छापली जाते, साठा करावा लागत नाही आणि सुरुवातीला मोठी रक्कम अडकत नाही, एवढे मला माहीत आहे. परंतु अशा प्रतींची छपाई व बांधणी नेहमीच्या पुस्तकाच्या तोडीची असते का, प्रत्येक प्रतीमागे लेखकाच्या हाती नेमके काय उरते, दुकानदार अशी पुस्तके ठेवतात का, आणि पुढे एखाद्या प्रकाशकाने रस दाखवला तर लेखकाचे हात बांधलेले राहतात का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. छपाईच्या व्यवसायातील सदस्यांच्या उत्तरांची विशेष अपेक्षा आहे.

जुळारी :

पुस्तकांची मांडणी करणे हाच माझा व्यवसाय असल्याने छपाईपुरते लिहितो. पैशांचे आणि कराराचे इतर सदस्य सांगतील.

ऑफसेट छपाईत प्रत्येक फर्म्यासाठी (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचासाठी) प्लेट करावी लागते, ती यंत्रावर चढवून शाई आणि पाणी यांचा मेळ बसेपर्यंत बराच कागद वाया जातो, आणि त्यानंतर खरी छपाई सुरू होते. पूर्वतयारीचा हा खर्च १०० प्रती काढल्या तरी तेवढाच आणि ५,००० काढल्या तरी तेवढाच असतो. डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही. फाइल थेट यंत्राकडे जाते, टोनरने किंवा इंकजेटने पान उमटते, आणि म्हणून एकच प्रत काढणेही परवडते. झेरॉक्सचे डॉक्युटेक हे यंत्र १९९० मध्ये बाजारात आल्यावर अशी छपाई पुस्तकांसाठी व्यवहार्य होऊ लागली, आणि १९९७ मध्ये इन्ग्रॅम या अमेरिकी ग्रंथवितरक समूहाने लाइटनिंग प्रिंट हा उपक्रम सुरू करून छपाई आणि वितरण एकत्र जोडले. ॲमेझॉनचे केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) किंवा २०१३ पासून चालू असलेले इन्ग्रॅमस्पार्क या सेवा म्हणजे त्याच व्यवस्थेची, लेखकाला घरबसल्या वापरता येतील अशी दारे आहेत.

दर्जाविषयी थोडक्यात सांगायचे तर, निव्वळ मजकुराचे पुस्तक असेल तर सामान्य वाचकाला आज फारसा फरक जाणवत नाही. कागदाची निवड मात्र अगदी तुटपुंजी असते. पांढरा किंवा फिकट पिवळसर, आणि जाडीचे एखाद-दुसरे पर्याय, यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. शिवण घातलेली बांधणी सहसा मिळत नाही; कण्याला गोंद लावून कव्हर चिकटवलेले असते. आणखी एक गोष्ट लेखकांना खटकते, ती म्हणजे दोन महिन्यांच्या अंतराने मागवलेल्या प्रती तंतोतंत सारख्या नसतात. त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर छापल्या गेलेल्या असू शकतात, त्यामुळे काळेपणा किंचित कमी-जास्त होतो आणि कव्हर एखाद-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकते.

आपल्या बाबतीत खरी कसोटी नकाशांची आहे. काळ्या आकाशावर पांढरे तारे दाखवले असतील, तर ते सर्व नकाशे उलटवून पांढऱ्यावर काळे करावेत, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. टोनरने छापलेला मोठा काळा भाग एकसारखा येत नाही, त्यात पट्टे दिसतात. शिवाय त्या काळ्यातले बारीक पांढरे ठिपके भरून जातात, आणि नेमके मंद तारेच नाहीसे होतात. रात्री मंद लाल प्रकाशात नकाशा वाचणाऱ्यालाही पांढऱ्यावरचे काळे ठिपकेच सोयीचे पडतात, त्यामुळे या बदलाने पुस्तकाचे काही बिघडणार नाही. रेषा आणि तारे शक्यतो व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठे केले तरी धूसर न होणाऱ्या रेखांकनाच्या रूपात, ठेवावेत. चित्ररूपात असतील तर छपाईच्या आकारात किमान ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके) असावेत. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला नकाशा टाळावा, कारण गोंदाच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही आणि मधला तारकासमूह कण्याच्या घडीत गडप होतो. केडीपीच्या नियमांनुसार १५१ ते ३०० पानांच्या पुस्तकाला आतल्या बाजूस किमान १२.७ मिलिमीटर समास सोडावा लागतो. मी स्वतः त्याहून थोडा जास्तच सोडतो.

रंगीत पान एकही घेऊ नये. अनेक सेवांमध्ये एक पान रंगीत असले तरी सगळे पुस्तक रंगीत दराने आकारले जाते.

देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिपीत मजकूर असेल तर पीडीएफमध्ये सर्व फॉन्ट अंतर्भूत झाले आहेत ना, हे तपासणे अत्यावश्यक आहे. पडद्यावर नीट दिसणारा 'र्क्ष' छापील प्रतीत सुटा होऊन आलेला मी पाहिलेला आहे. आपण निवडलेली सेवा आपल्या पुस्तकाची भाषा छापील आवृत्तीसाठी स्वीकारते का, हेही मांडणीवर खर्च करण्यापूर्वी तिच्या यादीत पाहून घ्यावे. ई-बुकसाठी स्वीकारलेली प्रत्येक भाषा छापील पुस्तकासाठी स्वीकारलेली असेलच असे नाही.

हिशेबी :

पैशांचे गणित मी चलनाचे नाव न घेता मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपापल्या छापखान्याचे आणि सेवेचे दर घालून ते पुन्हा करून पाहावे.

समजा, ऑफसेटच्या पूर्वतयारीला १२,००० एकक लागतात आणि पुढे प्रत्येक प्रतीला २० लागतात. प्रिंट ऑन डिमांडमध्ये पूर्वतयारी शून्य, पण प्रत्येक प्रतीला ६० लागतात. प्रतीमागचा फरक ४० चा असल्यामुळे ३०० प्रतींवर दोन्ही खर्च सारखे होतात. त्यापुढे ऑफसेट स्वस्त पडते. बहुतेक लेखक इथेच थांबतात आणि ५०० प्रतींचा निर्णय घेतात. पण खर्च छापलेल्या प्रतींवर मोजायचा नसतो, विकल्या गेलेल्या प्रतींवर मोजायचा असतो. ५०० प्रतींना एकूण २२,००० लागले. सगळ्या खपल्या तर प्रत ४४ ला पडली आणि निर्णय बरोबर ठरला. २०० च खपल्या तर तीच प्रत ११० ला पडली आणि ३०० प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली राहिले. प्रिंट ऑन डिमांडने त्याच २०० प्रतींना १२,००० लागले असते.

तेव्हा आपल्या प्रकाशकांच्या प्रस्तावाबाबत विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे: ज्या २५० प्रती आपल्याकडे ठेवायच्या आहेत, त्या नेमक्या कोणाला विकायच्या? आकाशनिरीक्षणाचे कार्यक्रम, शिबिरे, मंडळे यांच्याशी आपला नियमित संबंध असेल तर त्या सहज संपतील. नसेल तर तो खर्च आपण छपाईवर नव्हे, साठवणुकीवर करत आहात.

आता प्रतीमागे काय उरते ते पाहू. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जाहिरातीत दिलेला रॉयल्टीचा टक्का पाहून लेखक हरखतात, पण विक्रेत्याचा वाटा छापील किमतीवर काढला जातो आणि छपाईचा खर्च उरलेल्या रकमेतून, म्हणजे संपूर्णपणे लेखकाच्या वाट्यातून, वजा होतो. किंमत १०० आणि छपाई ३५ धरा. विक्रेत्याने ४० टक्के घेतले तर ६० उरले, त्यातून छपाई जाऊन लेखकाला २५ मिळाले. तेच पुस्तक व्यापक वितरणात ५५ टक्के सवलतीने दिले तर ४५ उरले आणि लेखकाच्या हाती १० आले. सवलत १५ टक्क्यांनी वाढली, पण लेखकाचे उत्पन्न ६० टक्क्यांनी घटले. पानांची संख्या या हिशेबात फार महत्त्वाची असते, कारण छपाईचा खर्च पानांवर ठरतो. अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी करून २६० ची २४० पाने झाली, तर ती बचत प्रत्येक प्रतीत, कायमची मिळते.

ग्रंथविक्रेता :

दुकानाच्या बाजूने लिहितो. अशी पुस्तके आम्ही ठेवत नाही असे नाही, पण ती आपणहून मागवण्याचे प्रमाण फारच कमी असते, आणि त्याचे कारण बहुतेकदा दर्जा हे नसते. दुकानदाराला दोन गोष्टी हव्या असतात: पुरेशी सवलत आणि न खपलेली प्रत परत करण्याची सोय. प्रिंट ऑन डिमांडमध्ये पहिली दिली तर लेखकाकडे काही उरत नाही, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. दुसरी तर त्याहून अवघड आहे, कारण छापलेली प्रत परत जायला मुळात साठाच नसतो.

इन्ग्रॅमस्पार्कमध्ये परतीची मुभा देण्याचा पर्याय लेखकाला निवडता येतो. मात्र परत आलेल्या प्रतीची घाऊक किंमत लेखकाच्या खात्यातून वळती होते. हिशेबी यांच्याच उदाहरणात सांगायचे, तर विक्रीच्या वेळी १० मिळाले, परतीच्या वेळी ४५ गेले, म्हणजे त्या एका प्रतीने ३५ चा खड्डा पाडला. तो भरून काढायला आणखी ४ प्रती खपाव्या लागतात. एखाद्या दुकानाने उत्साहाने ४० प्रती मागवून ३० परत केल्या, तर नवख्या लेखकाला तो धक्का झेपत नाही. त्यामुळे परतीचा पर्याय आपण बंदच ठेवावा, असे दुकानदार असूनही मी सुचवेन. दुकानांतून विक्री करायचीच असेल तर लेखकदराने (लेखकाला स्वतःसाठी मिळणाऱ्या सवलतीच्या दराने) थोड्या प्रती मागवून, ओळखीच्या दोन-चार दुकानांत विक्रीनंतर पैसे घेण्याच्या बोलीवर ठेवाव्यात.

शिवाय या दोन टोकांच्या मध्ये एक पर्याय आहे, ज्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. डिजिटल यंत्र असलेला कोणताही छापखाना ५० किंवा १०० प्रतींची छोटी आवृत्ती काढून देतो. कागद आपल्या पसंतीचा मिळतो, पहिली प्रत समोर बसून तपासता येते आणि एकेका प्रतीच्या टपालखर्चाचा प्रश्न येत नाही. कार्यक्रमांसाठी ही छोटी आवृत्ती आणि दूरच्या वाचकांसाठी प्रिंट ऑन डिमांड, अशी जोडी माहितीपर पुस्तकांना चांगली मानवते.

करारनामा :

हक्कांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. प्रिंट ऑन डिमांड हे छपाईचे तंत्र आहे. तो प्रकाशनाचा करार नव्हे. हेच तंत्र मोठे प्रकाशक जुनी पुस्तके उपलब्ध ठेवण्यासाठी वापरतात, स्वतः पुस्तक काढणारे लेखक वापरतात, आणि लेखकांकडून भरघोस रक्कम घेऊन 'प्रकाशन पॅकेज' विकणाऱ्या कंपन्याही वापरतात. तक्रारी ऐकू येतात त्या बहुतांशी या तिसऱ्या प्रकाराबद्दल असतात, पण बदनाम होते ते तंत्र.

फाइल आपण स्वतः चढवत असाल, तर अशा सेवेला साधारणपणे फक्त छापून विकण्याची परवानगी मिळते. प्रताधिकार आपलाच राहतो आणि पुस्तक हवे तेव्हा विक्रीतून काढून घेता येते. केडीपी सिलेक्ट या योजनेत एकाच ठिकाणी विकण्याचे जे बंधन असते, ते ई-बुकपुरते आहे, छापील आवृत्तीला ते लागू नाही. यावरून अनेकांचा गोंधळ उडतो. पॅकेज घेणार असाल, तर मात्र कराराचा प्रत्येक परिच्छेद वाचावा. हक्क अनन्य आहेत का आणि किती वर्षांसाठी, किंमत कोण ठरवणार, करार संपल्यावर मांडणीच्या आणि मुखपृष्ठाच्या मूळ फाइली आपल्याला मिळणार का, हे लेखी असले पाहिजे. मुळात जी कंपनी आपला नफा लेखकाकडूनच आधी वसूल करते, तिला पुस्तक खपवण्याची निकड उरत नाही, हे माझे मत मी लपवत नाही.

आयएसबीएनबाबत, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाबाबत सांगायचे, तर सेवेने फुकट दिलेला क्रमांक त्या सेवेपुरताच चालतो. केडीपीचा क्रमांक घेऊन तीच आवृत्ती दुसरीकडे छापता येत नाही, आणि प्रकाशकाच्या जागी 'स्वतंत्रपणे प्रकाशित' अशा अर्थाची इंग्रजी नोंद येते. छोटी आवृत्ती वेगळ्या छापखान्यातून काढायची असेल, तर आपल्या देशाच्या आयएसबीएन यंत्रणेकडून स्वतःच्या नावे क्रमांक घेणे श्रेयस्कर. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

नंतर प्रकाशक मिळण्याच्या शक्यतेबद्दल सांगायचे, तर करार आड येणार नाही, पण पुस्तक एकदा प्रसिद्ध झालेले असल्यामुळे प्रकाशक पहिला प्रश्न खपाचा विचारतील. आकडा चांगला असेल तर तो आपली बाजू भक्कम करतो. नसेल तर तोच अडसर ठरतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पारंपरिक करारांत पुस्तक 'छापील स्वरूपात उपलब्ध नाही' असे झाले की हक्क लेखकाकडे परत येतात. पण मागणीनुसार छापता येणारे पुस्तक तांत्रिकदृष्ट्या कधीच संपत नाही, मग हक्क परत यायचे केव्हा? २००७ मध्ये सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने करारातील किमान विक्रीची अट काढून टाकली, तेव्हा अमेरिकेतील ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने नेमक्या याच मुद्द्यावर जाहीर आक्षेप घेतला होता आणि त्यानंतर संस्थेने आपली भूमिका सौम्य केली. म्हणून आपण त्या दुसऱ्या प्रकाशकांचा प्रस्ताव स्वीकारलात, तर वर्षभरात ठरावीक संख्येहून कमी प्रती विकल्या गेल्यास हक्क लेखकाकडे परत येतील, असे कलम आकड्यासह घालून घ्यावे. 'उपलब्ध असेपर्यंत' एवढ्या मोघम शब्दांवर सही करू नये.

नक्षत्रवेध :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नकाशे उलटवून पाहिले, आणि ते खरोखरच अधिक सुवाच्य झाले. २५० प्रती कोणाला विकायच्या या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही, त्यामुळे खर्चाची अट असलेला प्रस्ताव मी नाकारत आहे. स्वतःच्या नावाचा आयएसबीएन घेऊन प्रिंट ऑन डिमांड, आणि शिबिरांपुरती छोटी आवृत्ती, असे करण्याचा विचार आहे.

एक शंका राहते. ग्रहस्थितीची कोष्टके दरवर्षी बदलावी लागतील. साठा नसल्यामुळे नुसती फाइल बदलली की काम झाले, असे समजावे का? की प्रत्येक वेळी नवा आयएसबीएन लागेल?

जुळारी :

छपाईच्या चुका दुरुस्त केल्या, एखादा आकडा सुधारला, तर त्याच क्रमांकाखाली फाइल बदलता येते. मजकुरात लक्षणीय बदल झाला तर ती नवी आवृत्ती ठरते आणि तिला नवा क्रमांक द्यावा लागतो. दरवर्षीची नवी कोष्टके या दुसऱ्या प्रकारात मोडतात. शिवाय त्याच क्रमांकाखाली मजकूर बदलत राहिलात, तर वाचकाच्या हाती कोणत्या वर्षाची प्रत येईल हे त्याला मागवताना कळणार नाही, आणि जुनी प्रत वापरून ग्रह शोधणारा माणूस दोष पुस्तकालाच देईल.

म्हणून कोष्टके मूळ पुस्तकातून काढून त्यांची स्वतंत्र वार्षिक पुस्तिका करावी. मूळ पुस्तक वर्षानुवर्षे तसेच चालेल, पाने घटल्यामुळे त्याचा छपाईखर्चही उतरेल. मात्र पाने घटली की कणा नव्याने मोजावा लागेल. केडीपीच्या पिवळसर कागदाला प्रत्येक पानामागे ०.०६३५ मिलिमीटर धरतात, म्हणजे २६० पानांना सुमारे १६.५ मिलिमीटर, पांढऱ्या कागदाला ०.०५७२ धरतात, म्हणजे तेवढ्याच पानांना १४.९ मिलिमीटर. पिवळसरासाठी केलेले मुखपृष्ठ पांढऱ्या कागदाच्या पुस्तकाला लावले तर कण्यावरचे नाव हमखास एका बाजूला सरकते. त्यामुळे पाने आणि कागद अंतिम झाल्याशिवाय चित्रकाराला मुखपृष्ठ पुरे करायला सांगू नये, आणि विक्री सुरू करण्यापूर्वी छापील नमुना प्रत मागवावीच. त्या प्रतीच्या कव्हरवर 'विक्रीसाठी नाही' अशा अर्थाचा पट्टा असतो, त्याने गोंधळून जाऊ नये. नमुना प्रत हाती आली की आधी सर्वांत दाट नकाशा भिंगाखाली पाहावा, नंतर पुस्तक मधोमध उघडून आतल्या समासाजवळचे शब्द न दाबता वाचता येतात का ते पाहावे, आणि मगच कव्हरकडे वळावे.

वार्षिक पुस्तिकेबाबत एवढे लक्षात असू द्यावे की केडीपीवर किमान २४ पाने लागतात आणि ७९ पानांहून कमी पाने असतील तर कण्यावर मजकूर घालता येत नाही. पुस्तिका त्याहून लहान होणार असेल, तर वर्षाचा आकडा मुखपृष्ठावर ठळक घ्यावा आणि विक्रीच्या नोंदीतही शीर्षकाचाच भाग म्हणून द्यावा.